गावाने घेतलेली निलेशची टेस्ट

तुमच्या आमटीत तुम्ही काय काय घालता, हे तुम्हाला कधी कुणी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून विचारलंय का?

मला विचारलंय. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा रस्ता जिथे बाजार सोडतो, तिथे माझी खानावळ आहे. घाटात सरावाला येणारे सायकलवाले चढण्याआधी माझ्याकडे चहा घेतात आणि उतरल्यावर जेवतात. घाट उतरून आलेल्या माणसाला भूक लागलेली असते आणि बोलायचंही असतं. त्यामुळे भांडी रोजच्या रोज निघतात, किस्से मात्र साचत राहतात. एरवी ते एकसारखेच असतात. कुणाचा टायर बसला, कुणाचं केळं माकडाने नेलं. पण निलेशवर आरोप झाला त्या दिवसांत जे साचलं ते वेगळंच होतं.

निलेश हा माझ्या मैत्रिणीचा, सुलभाचा मुलगा. सुलभा आणि मी दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. कापड्याच्या वरच्या अंगाला तिचं गाव आहे. नाव लिहीत नाही, तिथली माणसं माझ्याकडे जेवायला येतात. निलेश सायकल चालवतो म्हणजे दूध घालायला जात नाही. तो मुंबईच्या एका कंपनीच्या टीममधला पगारी रेसर आहे. एक मोठी शर्यत त्याने जिंकली, आणि पुढे त्याच्या लघवीच्या तपासणीत बंदी असलेलं औषध निघालं. अगदी कणभर. टीमने त्याला घरी पाठवलं. तो एकच सांगत राहिला, "मी काही घेतलेलं नाही."

तपासणीत एका वेळच्या लघवीच्या दोन बाटल्या भरतात. एक तपासतात, दुसरी सीलबंद ठेवतात. निलेशने दुसरी बाटली तपासायला सांगितली. तिचा रिपोर्ट येईपर्यंत सगळ्यांनी वाट बघायची, इतकंच काम होतं.

वाट बघणं आमच्याकडे कुणाला जमत नाही.

*

नमुना घ्यायला माणसं आली, तिथून सांगते.

या रेसरना रोज आपण कुठे असणार ते आधी कळवून ठेवावं लागतं, आणि तपासणीवाले न सांगता येतात. शर्यत जिंकून निलेश गावी आला होता. सकाळीच मुंबई पासिंगची गाडी वाडीत शिरली. आत एक गृहस्थ, एक बाई. कपडे नीटनेटके, हातात बॅग. पहिल्याच दारात त्यांनी विचारलं, "निलेश इथेच राहतात ना? घरी आहेत का?"

जिंकलेला, पगारी, बिनलग्नाचा मुलगा. वाडीला पुढचं कुणी सांगावं लागलं नाही. सुलभाने आत जाऊन साडी बदलली. शेजारणीने कांदे चिरायला घेतले. पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बशा आल्या.

"आम्हाला काही घेता येत नाही," गृहस्थ म्हणाले.

सुलभाला वाटलं, रीतीची माणसं दिसतात, पसंती सांगेपर्यंत खाणार नाहीत. तिने बाईंना विचारलं, "मुलगी काय शिकलेली हाय?"

"कोण, मी? एम.एस्सी.," बाई म्हणाल्या.

सुलभाने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. बाई चाळिशीच्या असाव्यात.

"आम्हाला फक्त नमुना न्यायचाय," गृहस्थांनी पुन्हा समजावलं.

शेजारचा दत्ता उंबऱ्यावर बसला होता. तो म्हणाला, "नमुना कशाला? अख्खा पोरगा न्या ना."

मग निलेश आला, त्याने त्यांना ओळखलं आणि गृहस्थ त्याच्याबरोबर मोरीत गेले. का गेले ते वाडीला बऱ्याच उशिरा कळलं. पुढे रिपोर्टमध्ये औषध निघालं तेव्हा दत्ता एवढंच म्हणाला, "तरी मला वाटलंच. पोहे खाल्ले नायत."

रिपोर्टनंतर निलेश माझ्याकडे जेवायला आला, तेव्हा मी मात्र त्याच्यासमोर त्या तपासणीवाल्यांना नावं ठेवली. निलेशनेच मला थांबवलं. "काकी, त्यांना बोलू नका. ते आले नाहीत, तर माझ्या पुढे गेलेल्यावर मी तरी विश्वास कसा ठेवू?"

*

निलेश जिंकला तेव्हा नाक्यावर फ्लेक्स लागला होता. 'आमच्या मातीतला वाघ.' वाघ खालच्या कोपऱ्यात सायकलसकट बोटभर. बाकी सगळा फ्लेक्स शुभेच्छुकांच्या तोंडांनी भरलेला. गॉगलवाले, फोन कानाला लावलेले, हात जोडलेले.

आरोपाची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी फ्लेक्सला भोकं दिसू लागली. एकेक शुभेच्छुक येऊन आपापलं तोंड ब्लेडने कापून नेत होता. दोन दिवसांत तिथे आकाशच जास्त दिसायला लागलं. आणि उरलेल्या कापडावर पहिल्यांदाच निलेश लांबून ओळखू येऊ लागला.

एक तोंड मात्र अगदी वरच्या टोकाला होतं आणि त्या गृहस्थांना शिडी मिळेना. शिडी मिळेपर्यंत तेवढे एकटेच निलेशचे शुभेच्छुक राहिले.

*

आता आमटीचं.

या खेळात नियम असा आहे की औषध अंगात सापडलं म्हणजे जबाबदारी खेळाडूची. ते आत कसं गेलं हे त्यानेच शोधून दाखवायचं. निलेशने टीमला सांगितलं, "मी शर्यतीनंतर गावीच होतो. घरी जेवलो, नाहीतर कुंदाकाकींच्या खानावळीत." कुंदाकाकी म्हणजे मी.

त्याचे कोचसर गाडी घेऊन आले. हे सर टीम सरावाला आली की माझ्याकडेच जेवायचे, आमटी वाटीत न घेता ताटभर घ्यायचे. या वेळी त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि लाल बटण दाबलं.

"आमटीत काय असतं?"

"तूरडाळ, हळद, धणे, खोबरं, कोकम."

"आणि?"

"गूळ. चिमूटभर."

"आणि?"

"आणि पाणी."

"कुठलं पाणी?"

"नळाचं. नदीवरून येतं."

सरांनी मोबाइल माझ्याजवळ सरकवला. मग म्हणाले, "मला आधीपासून शंका होती, मावशी. इतकी चव उगाच येत नाही."

वीस माणसं दुपारी माझ्या भरवशावर जेवतात. मी म्हटलं, "सर, तुम्ही डाळ न्या, मसाला न्या, तपासा. पण त्या पोराचं काय ते खरं करा."

त्यांनी डाळ-मसाला पिशवीत भरून घेतला, रेकॉर्डिंग बंद केलं आणि हात धुऊन ताटावर बसले. "भात वाढा," म्हणाले. "आमटी जरा सढळ हाताने."

*

आमटीतून काही निघालं नाही, म्हणून संशय मटणावर गेला. बाजारात कुणीतरी वाचून आला की असलं औषध कुठे कुठे जनावरं लठ्ठ करायला देतात. आमच्या बाजारात बाबूचं मटणाचं दुकान आहे. बाबू बकरी आसपासच्या वाड्यांवरून आणतो, ती डोंगरात चरलेली. लठ्ठ बकरी त्याच्याकडे दाखवली तर तोच हार घालील. पण रविवारी त्याच्या दुकानापुढे माणूस नाही.

पुढच्या रविवारी बाबूने खडूने पाटी लिहून लावली: 'आमच्या बोकडाने आजवर एकही शर्यत जिंकलेली नाही.'

दहाच्या आत मटण संपलं.

*

हे सगळे संशय घेणारे झाले. त्याच्यावर मनापासून खूश झालेलं एकच माणूस मला भेटलं. डोंगरातल्या वाडीवरची एक म्हातारी आठवड्याच्या बाजाराला येते. डोक्यावर पाटी घेऊन उतरते, ती पुन्हा भरून चढते. तिने माझ्याकडे चहा घेतला आणि हळूच विचारलं, "काय गो, सुलभीच्या पोराने घाट चढाची गोली खाल्ली म्हनतात, खरा का?"

मी म्हटलं, "नाही हो, तो नाही म्हणतो."

तिचा चेहरा पडला. "म्हंजे तशी गोली नसतेच का?"

"असते म्हणे. पण खायला बंदी आहे."

म्हातारीने कप खाली ठेवला. "बंदी? आनि आमी काय ह्यो डोंगर हौसेनं चढतो?"

*

महाडला हौशी सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे. रविवारी दासगावपर्यंत जातात, नदीकाठी फोटो काढतात, महिन्यातून एकदा घाट चढतात. निलेशला त्यांनी मोठ्या मानाने आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतलं होतं. आता त्याला काढायचं की ठेवायचं, यावर त्यांची सभा माझ्या खानावळीत भरली.

बोलायला उभे राहिले प्रकाशशेठ. महाडला त्यांचं हार्डवेअरचं दुकान, ग्रुपचे ते अध्यक्ष. घाट सगळ्यांत कमी वेळात चढण्याचा ग्रुपचा रेकॉर्ड त्यांच्याच नावावर. मोबाइलमधलं अ‍ॅप सगळं नोंदवून ठेवतं, कुठे किती वेग, कुठे किती वेळ.

"खेळ म्हणजे विश्वास," शेठ म्हणाले. "शरीर थकलं तरी चालेल, पण सचोटी थकता कामा नये. मी पन्नाशीत हा घाट चढतो तो फक्त घरच्या तुपावर."

टाळ्या पडल्या. निलेश कोपऱ्यात बसून जेवत होता, त्यानेही डाव्या हाताने टेबल वाजवलं. मग एका पोरसवदा मास्तरांनी आपला मोबाइल पुढे केला. "शेठ, एक शंका होती. तुमचा रेकॉर्ड मी बघत होतो. त्यात तुम्ही कापड्याच्या स्टॉपवर मिनिटभर थांबलाय."

"दम खायला थांबलो असेन."

"हो, बरोबर. मग पुढच्या स्टॉपवर थांबलाय. मग त्याच्या पुढच्या. जिथे जिथे एसटी थांबते, तिथे तिथे दम खाल्लाय."

सभा तिथेच संपली. निलेशला ग्रुपमधून काढायचं नाही असं एकमताने ठरलं. रेकॉर्डचा विषय निघालाच नाही.

*

खरी अडचण गावातच होती. सुलभाच्या गावात दोन वाड्या, वरची आणि खालची. वरच्या वाडीचं म्हणणं, पोरगा आपला आहे, तो असं करणार नाही. खालच्या वाडीचं म्हणणं, पोरगा त्यांचा आहे, तेव्हा केलंच असणार. पाण्यावर बायका एकमेकींशी बोलेनात. सुलभाला खालच्या वाडीतल्या हळदीचं बोलावणं आलं नाही. निलेश एसटीत चढला की माणसं खिडकीबाहेर बघू लागायची. त्याने मला एकदा विचारलं, "काकी, बंदी घातली तर दुसरं काम करीन. पण इथे कुठल्या तोंडाने राहू?" आणि शिमगा तोंडावर. पालखीला दोन्ही वाड्यांचे खांदे लागतात. वाड्या बोलत नसल्या तर पालखी उचलणार कोण?

गावकी बसली आणि ठरलं, देवीचा कौल लावायचा. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. गुरव देवीच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

गुरवाने विचारलं, "आई, पोरगा खरा हाय का?"

उजवी कळी पडली. वरच्या वाडीने हात जोडले. खालच्या वाडीचे धोंडूदादा उठले. "हा झाला पहिला नमुना. रिपोर्टात दोन बाटल्या असतात, मग कौल पण दोन पायजेत."

गुरवाने पुन्हा कळ्या लावल्या, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. या वेळी दोन्ही कळ्या चिकटून राहिल्या. माणसं ताटकळली. पोरं पेंगली. शेवटी गुरव अंग मोकळं करत म्हणाला, "रिपोर्ट यायचा हाय."

लोक उठायला लागले तेव्हा सुलभा बोलली. ती चारचौघांत कधी बोलत नाही. "देवीला दोनदा विचारलंत. निलेशला एकदा तरी विचारलंत का?"

निलेश देवळाच्या पायरीवरच बसला होता. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"त्याला कशाला विचाराचा?" धोंडूदादा म्हणाले. "तो नायच म्हननार."

*

मग धोंडूदादांनीच तोड काढली. आठवडाभर निलेशने फक्त खालच्या वाडीचं खायचं, खालच्या वाडीचंच पाणी प्यायचं. घरचा घोटसुद्धा नाही. मग सगळ्यांदेखत घाटातल्या मोठ्या वळणावरच्या टपरीपर्यंत चढायचं. टीममध्ये असताना चढायचा तेवढ्याच वेळात चढला, तर पोरगा खरा.

निलेश म्हणाला, "चालेल."

डब्याचं काम धोंडूदादांच्या बायकोवर, अनसूयाकाकींवर आलं. निलेशबद्दल पाण्यावर सगळ्यांत जास्त बोललेल्या त्याच. पहिल्या दिवशी त्यांनी दोन भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की उद्या पोरगा घाटात धापा टाकत बसला तर लोक भाकरीला नाव ठेवणार. डब्यात अंडी आली. तिसऱ्या दिवशी तूप. मग शेजारच्या बायका म्हणाल्या, नाव एकट्या अनसूयेचं नाही, वाडीचं जाईल. घावणे आले, खोबऱ्याचं दूध आलं, शिमग्याला राखून ठेवलेला कोंबडा आला.

निलेशने मला फोन केला. "काकी, वजन वाढतंय."

"मग थोडं ठेव डब्यात."

"ठेवलं होतं. अनसूयाकाकी स्वतः आल्या विचारायला, काय चुकलं म्हणून."

आठवडा संपेपर्यंत खालची वाडी पोरगा वेळेत चढावा म्हणून नवस बोलत होती. आणि वरच्या वाडीला नवा संशय आला होता. दत्ता मला म्हणाला, "मुद्दाम खायला घालतात गो काकी. पोरगा फुगवून घाटात आडवा पाडाचा हाय त्यांना."

ठरल्या दिवशी मी खानावळ बंद ठेवून टेम्पोने वर गेले. दोन्ही वाड्या टपरीपाशी जमल्या होत्या, सगळ्यांच्या हातात मोबाइल. निलेश निघाल्याचा खालून फोन आला आणि सगळ्यांनी घड्याळं चालू केली. पोरगा यायला वेळ होता, त्यामुळे वाद सुरू झाला.

"लवकर आला तर?" दत्ताने विचारलं.

"तर खालच्या वाडीने डब्यात कायतरी घातला," वरच्या वाडीतला एक म्हणाला.

"आनि उशिरा आला तर?"

"तर शर्यतीच्या वेळी घेतला होता," धोंडूदादा म्हणाले. "आता नाय घेतला म्हणून उशीर."

"आनि बरोबर त्याच टायमाला आला तर?"

यावर दोन्ही वाड्यांनी विचार केला. मग धोंडूदादा म्हणाले, "बरोबर त्याच टायमाला? असा कुठे होतो काय? म्हंजे ठरवून आला."

दोन्ही वाड्यांनी माना हलवल्या. एवढ्या दिवसांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. सुलभा कठड्यावर बसून खालच्या रस्त्याकडे बघत होती.

आणि खालच्या वळणावर निलेश दिसला. वजन वाढलेलं असो नसो, रस्ता चढाचा आहे असं वाटतच नव्हतं. मोबाइलकडे बघणाऱ्यांचे आवाज बदलले. कुणी म्हणालं वेळेच्या आधी येतोय, कुणी म्हणालं बरोबर वेळेत. अनसूयाकाकी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून पदर कमरेला खोचत होत्या. "ये रे बाबा, ये," त्यांचं चाललं होतं.

शेवटचं वळण घेऊन तो समोर आला. टपरी अगदी हाताच्या अंतरावर असताना त्याने ब्रेक दाबला, एक पाय खाली टेकवला आणि उतरला. दमलेला दिसत नव्हता. सायकल कठड्याला लावून तो आईच्या शेजारी बसला.

"काकी, पाणी द्या," तो अनसूयाकाकींना म्हणाला. नियमाप्रमाणे पाणी त्यांच्याचकडचं. त्यांनी तांब्या दिला. तो सावकाश प्यायला.

"अरे, हितपर्यंत ये ना," धोंडूदादा म्हणाले. "चार पावलं राहिलीत."

"बसतो जरा, दादा."

"टाइम चालू हाय."

"असू दे. मला सांगायचं ते मी आधीच सांगितलंय."

तो दरीकडे बघत बसून राहिला. सुलभाने त्याच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला. सगळ्यांच्या हातात घड्याळं पळत होती आणि ती थांबवायची कधी, हे कुणाला कळेना. दत्ताने विचारलं, "आता काय धराचा?" हळूहळू एकेकाने मोबाइल बंद करून खिशात टाकला. धोंडूदादांनी शेवटी टाकला. मग सगळे टेम्पोत बसून खाली आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या बाटलीचा रिपोर्ट आलेला नव्हता आणि गावाची टेस्ट संपलेली होती. अनसूयाकाकींचा डबा रोजच्या वेळेला सुलभाच्या दारात आला.